दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे आणि भाजीपाल्याची रोपे

भाजीपाल्याचे संकरित बियाणे आता किलोने नव्हे, तर ग्रॅमवर आणि काही पिकांत तर बियांच्या संख्येवर विकले जाते. पाकिटातील प्रत्येक बी मोजून घेतलेले असते आणि त्याची किंमतही मोजून दिलेली असते. असे असूनही कारली, दोडका, काकडी, दुधी यांसारख्या वेलवर्गीय पिकांची लागवड करताना आजही एका आळ्यात दोन-तीन बिया टोकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यातील एक उगवते, एक उंदीर किंवा खार उकरून नेते आणि दोन्ही उगवल्या तर एक रोप आपणच उपटून टाकतो. जानेवारीच्या थंडीत टोकलेले कारल्याचे बी तर कित्येकदा जमिनीतच कुजते. हे नुकसान टाळण्यासाठी रोपवाटिका उभारण्याची किंवा नवीन साहित्य विकत आणण्याची गरज नाही. घरात येणाऱ्या खाद्यपदार्थांच्या रिकाम्या पिशव्या, डबे, वाट्या यांमध्ये पडवीत किंवा ओसरीवर रोपे तयार करून नंतर शेतात लावता येतात. मात्र रिकामा डबा मिळाला, माती भरली आणि बी टाकले इतके हे सोपे नाही. डब्यातील माती आणि शेतातील माती यांचे वागणे वेगळे असते. ते समजून घेतले तर हा उपाय लाभतो, नाही तर रोपे कोलमडतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

प्रथम हिशेब

समजा ५ गुंठ्यांत कारल्याची उन्हाळी लागवड करावयाची आहे. ५ गुंठे म्हणजे सुमारे ५०५ चौरस मीटर. दीड मीटर बाय एक मीटर अंतराने सुमारे ३३५ वेल बसतात. प्रत्येक आळ्यात दोन बिया टोकल्या तर ६७० बिया लागतील, शिवाय नांग्या भरण्यासाठी वेगळ्या. हेच बी पिशवीत एक-एक लावले आणि मर, मोडतोड धरून शेकडा १२ ते १५ जादा रोपे तयार केली, तर सुमारे ३८० बियांत काम भागते. म्हणजे जवळजवळ तीनशे बियांची बचत होते. आपण घेतलेल्या पाकिटावरील किंमत आणि बियांची संख्या पाहून याचे रुपये प्रत्येकाने स्वतः काढावेत. त्यासाठी दोन मिनिटेही लागणार नाहीत.

बियाण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा फायदा वेळेचा आहे. वेलवर्गीय भाज्यांच्या बियांना उगवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. निफाड, परभणी या भागांत जानेवारीत रात्रीचा पारा काही वेळा १० अंशांच्याही खाली जातो. अशा जमिनीत बी पडून राहते. त्याऐवजी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घराच्या आसऱ्याने पिशवीत बी लावले, तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, थंडी ओसरता ओसरता, तीन-चार पानांची रोपे शेतात जातात. तोडा त्या मानाने लवकर सुरू होतो. भाजीच्या बाजारात आठ-पंधरा दिवस आधी येणाऱ्या मालाची किंमत काय असते, हे आपणास सांगावयास नकोच.

टोमॅटो, वांगी, मिरची यांचे गणित वेगळे आहे. ५ गुंठ्यांत ९० बाय ३० सें.मी. अंतराने टोमॅटोची सुमारे १,८७० रोपे लागतात. एवढी रोपे डब्या-डबड्यांत करीत बसणे व्यवहार्य नाही. त्यासाठी गादीवाफा किंवा प्रो ट्रे हाच योग्य मार्ग होय. परसबागेपुरती ४०-५० रोपे हवी असतील तर मात्र एक तेलाचा डबा पुरे होतो. या लेखातील पद्धत मुख्यत्वे वेलवर्गीय भाज्या, परसबाग आणि नांग्या भरणे यांसाठी आहे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

कोणते भांडे कशासाठी

वेलवर्गीय पिकांच्या मुळांना धक्का सहन होत नाही. वाफ्यातून उपटून लावलेले कारल्याचे किंवा काकडीचे रोप सहसा जगत नाही आणि जगले तरी पंधरा दिवस तसेच राहते. म्हणून या पिकांना ज्याचे त्याचे स्वतंत्र भांडे हवे आणि मातीचा गोळा न फुटता ते भांडे काढता आले पाहिजे. या दोन्ही कसोट्यांना दुधाची पिशवी सर्वांत चांगली उतरते. अर्ध्या लिटरच्या पिशवीचा वरचा काठ कापला की एक पिशवी तयार होते. एक लिटरची पिशवी आडवी मधोमध कापली तर दोन पिशव्या मिळतात, कारण तिची दोन्ही टोके कारखान्यातच चिकटवलेली असतात. वरचा अर्धा भाग उलटा केला की दूध काढण्यासाठी कापलेला कोपरा तळाशी येतो आणि पाणी निघून जाण्याची सोय आपोआप होते. दुसऱ्या अर्ध्या भागाचे तळाचे दोन्ही कोपरे थोडे छाटावेत आणि तळापासून दोन बोटे वर दाभणाने चार-पाच भोके पाडावीत. तापवलेल्या सळईने प्लास्टिक जाळून भोके पाडू नयेत. त्याचा धूर अपायकारक असतो आणि दाभणाने काम तितकेच होते.

पिशव्या गोळा करण्यास वेळ लागतो. दिवसाला एक लिटर दूध येणाऱ्या घरात रोज दोन पिशव्या या हिशेबाने ३८० पिशव्या जमण्यास सहा महिने लागतील. म्हणजे जानेवारीसाठी जुलैपासून सुरुवात करावी लागेल. ज्यांच्या गोठ्यात दुभते जनावर आहे, त्यांच्या घरी तर दुधाची पिशवी येतच नाही. अशांनी एस. टी. स्थानकाजवळील चहाच्या टपरीवाल्यास सांगून ठेवावे. त्याच्याकडे दिवसाकाठी भरपूर पिशव्या निघतात आणि त्या उकिरड्यावरच जातात. गोड्या तेलाच्या लिटरच्या पिशव्याही चालतात, परंतु त्या नीट धुवाव्या लागतात. आत तेलाचा पातळ थर राहिला तर पिशवी आणि माती यांच्यामधून पाणी सरळ खाली निसटते आणि गोळा कोरडाच राहतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पिशव्या त्यात तासभर ठेवाव्यात, चोळून धुवाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. दुधाच्या पिशव्याही धुवूनच साठवाव्यात. न धुतलेल्या पिशव्यांच्या वासाने मुंग्या आणि उंदीर येतात, आणि तोच उंदीर पुढे कारल्याचे बीही सोडत नाही.

गोडेतेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा उभा चिरला तर दोन उथळ तबके तयार होतात. त्यात ५ सें.मी. अंतरावर ओळी काढून दोन-दोन सें.मी.वर टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे बी पेरले असता एका तबकात साठ-सत्तर रोपे सहज होतात. पत्र्याच्या कडा धारदार असतात, त्या पक्कडीने आत वळवून ठोकून घ्याव्यात. पत्रा उन्हात फार तापतो, म्हणून फेब्रुवारीनंतर अशी तबके दुपारच्या उन्हात ठेवू नयेत. बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले तरी बराच फरक पडतो.

पाण्याची बाटली मधोमध कापली असता खालचा भाग कुंडी होतो आणि वरचा भाग, झाकण काढून, त्यावर टोपीसारखा बसवता येतो. थंडीत बी उगवेपर्यंत ही टोपी उपयोगी पडते. मात्र पारदर्शक बाटलीत उजेड मातीपर्यंत जातो, कडेने हिरवे शेवाळ धरते आणि मुळे त्या बाजूस जाण्याचे टाळतात. बाटलीभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा किंवा बाटल्या एकमेकींना चिकटून पाटीत ठेवाव्यात. दही-श्रीखंडाच्या वाट्या व डबे परसबागेतील मिरची-वांग्यासाठी ठीक आहेत, पण तळाला भोके पाडल्याशिवाय वापरू नयेत. लोणच्याच्या बरणीतील मिठाचा अंश काढणे त्रासाचे असते, तिच्या वाटेस न गेलेले बरे.

कोकणातील शेतकऱ्यांना नारळाची करवंटी आयती मिळते. तिच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो दाभणाने फोडला की पाणी जाण्यास वाट होते. करवंटी जमिनीत लवकर कुजत नाही, त्यामुळे लावताना रोप तिच्यातून काढूनच लावावे. पळसाच्या पानांचे द्रोण याउलट आहेत. ते दोन-तीन आठवडे ओलसर राहिले की मऊ पडतात आणि द्रोणासकट रोप लावता येते. द्रोण काठाने जमिनीच्या वर राहू देऊ नये. वर राहिलेला काठ वातीसारखा ओल शोषून वाऱ्यावर सोडतो आणि रोपाचा गोळा सुकतो.

अंड्यांचे कागदी ट्रे आणि अंड्यांची टरफले यांची हौस अनेकांना असते. शाळेतील मुलांना उगवण दाखवण्यासाठी ती चांगली आहेत. शेतीच्या कामासाठी त्यात माती फार थोडी बसते, सकाळी दिलेले पाणी दुपारी संपते आणि कागदावर बुरशी वाढते. चहाचे कागदी पेले तत्त्वतः चांगले दिसतात. परंतु त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते पेल्यासकट जमिनीत पुरू नयेत. प्लास्टिकचे पेले किंवा थर्मोकोलचे द्रोण तर मुद्दाम विकत आणूच नयेत. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या अशा वस्तूंवर बंदी आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावयाची आहे. कीटकनाशके, बुरशीनाशके व तणनाशके यांचे डबे-बाटल्या कितीही स्वच्छ धुतल्या तरी रोपांसाठी वापरू नयेत. २,४-डी या तणनाशकाचा अत्यल्प अंश राहिला तरी टोमॅटो, कपाशी व वेलवर्गीय पिकांची रोपे वेडीवाकडी होतात. आणि असा डबा एकदा पडवीत आला की उद्या त्यात कोणीतरी पाणी भरेल, हा धोका त्याहून मोठा आहे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाकिटातील लाल, निळे, हिरवे रंगवलेले बी हे औषध लावलेले असते. असे बी ज्या वाटीत भिजवले किंवा ज्या डब्यात लावले, ती वाटी व तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. अशा डब्यांवर रंगाचा पट्टा ओढून ठेवावा, म्हणजे घरातील लहानथोर सर्वांना कळेल. बी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

डब्यातील मातीचे वेगळेपण

रोपे बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. शेतातील मातीत दिलेले पाणी खाली-खाली झिरपत जाते, कारण खाली आणखी माती असते. डब्यात तळाशी माती संपते. पाणी भोकातून बाहेर पडण्याआधी तळाच्या थरात साठून राहते आणि तो थर पूर्ण भरल्यावरच गळू लागते. भोके असली तरी हा ओला थर राहतोच. अंग घासण्याचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरून पाहावा. पाणी ठिबकून थांबले की तोच स्पंज उभा धरावा. पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, पाणी तेच, पण उंची वाढली की जास्त पाणी निघून जाते. म्हणून उथळ डबा नेहमी जास्त ओला राहतो आणि खोल पिशवी लवकर निथळते. वेलवर्गीय रोपांसाठी १२ ते १५ सें.मी. खोलीची पिशवी निवडण्याचे हेही एक कारण आहे.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. डब्याच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. लहान भांड्यात त्याचा उपयोग होत नाही. बारीक मातीतील पाणी जाड खड्यांत सहजी उतरत नाही. त्यामुळे ओला थर तळाशी न राहता खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मातीची उंचीही तेवढी कमी होते. भोक मोठे असेल तर माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर नारळाच्या काथ्याचा चिमूटभर बोळा किंवा खापरीचा एक तुकडा ठेवावा, तेवढे पुरे.

निचऱ्याचा खरा उपाय मिश्रणात आहे. निव्वळ काळी माती डब्यात भरू नये. ती ओली झाली की चिखल होतो, वाळली की आकसून कडेपासून सुटते आणि पुढचे पाणी त्या फटीतून वाहून जाते. पोयटा माती, पूर्ण कुजलेले चाळलेले शेणखत आणि जाडसर वाळू समभाग घ्यावी. ज्यांच्याकडे फक्त काळीच जमीन आहे त्यांनी माती निम्मी करून शेणखत व वाळू वाढवावी. नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट मिळत असेल तर वाळूऐवजी घेण्यास हरकत नाही. त्याने पिशव्या वजनाला हलक्या होतात, हा फायदा वाहतुकीच्या वेळी कळतो. नुसत्या कोकोपीटमध्ये अन्नद्रव्ये नसल्यासारखीच असतात, हे विसरू नये. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर त्यातील उष्णता व अमोनियामुळे कोवळी मुळे करपतात आणि हुमणीच्या अळ्याही त्यातूनच येतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता पावसाळ्यातील मातीसारखा वास आला, तर ते खत तयार झाले असे समजावे.

अर्ध्या लिटरच्या पिशवीत साहजिकच अर्ध्या लिटरपेक्षा थोडे कमी मिश्रण बसते. १५ लिटरच्या एका बादलीत सुमारे ३५ पिशव्या भरतात. ३८० पिशव्यांना अकरा बादल्या मिश्रण लागेल. शक्य असल्यास हे मिश्रण आदल्या मे महिन्यातच तयार करावे, ओले करून पातळ थरात पसरावे आणि पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाने कडा मातीने बंद करून तीन-चार आठवडे कडक उन्हात झाकून ठेवावे. उन्हाच्या या उष्णतेने रोगकारक बुरशी, तणांचे बी आणि किडींच्या अवस्था बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात. नंतर ते पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावे. वापरण्यापूर्वी त्यात ट्रायकोडर्मा मिसळावे. उन्हात तापवण्यापूर्वी ते मिसळले तर उपयोग होत नाही, कारण ट्रायकोडर्मा ही देखील बुरशीच आहे.

बी भिजवणे व मोड आणणे

काकडी, दोडका यांचे बी चार ते सहा तास आणि कारल्याचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. कारल्याचे कवच फार टणक असते. बियांची संख्या थोडी असेल तर टोकदार बाजूचे कवच नेलकटरने किंचित, आतील गराला न लागता, कापावे म्हणजे पाणी आत शिरते. औषध लावलेले संकरित बी मात्र जास्त वेळ भिजवू नये, औषध पाण्यात उतरून जाते. असे बी सरळ ओलसर फडक्यात बांधावे. घरचे बी असेल तर भिजवून निथळल्यावर किलोस ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळून सावलीत सुकवून घ्यावे.

भिजलेले बी ओलसर सुती फडक्यात सैल बांधून पुरचुंडी उबदार जागी, कडब्यात किंवा भाताच्या पेंढ्यात, ठेवावी. चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली तरी चालते, चुलीवर नव्हे. फडके रोज पाहावे आणि वाळू देऊ नये. काकडीला दोन-तीन दिवसांत, कारल्याला त्याहून उशिरा मोड दिसू लागतात. अंकूर अर्धा सें.मी. होण्याच्या आत बी पिशवीत लावावे. यापेक्षा लांब झाला की हाताळताना मोडतो. मोड आलेलेच बी लावल्यामुळे एकही पिशवी रिकामी जात नाही आणि लॉटची उगवणशक्ती किती आहे तेही कळते. वीस बियांपैकी सोळांना मोड आले तर उगवण शेकडा ८० आहे. पाकिटावर छापलेल्या टक्केवारीपेक्षा ती बरीच कमी भरली, तर पाकीट, त्यावरील लॉट क्रमांक आणि पावती जपून ठेवून कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. पाकीट चुलीत गेल्यावर तक्रार उभी राहत नाही.

पिशवीतील मिश्रण आदल्या दिवशी भिजवून ठेवावे. बोटाने दीड ते दोन सें.मी. खोल खळगा करून बी आडवे ठेवावे, अंकूर खाली जाईल असे पाहावे आणि चाळलेल्या मिश्रणाने हलके झाकावे. टोमॅटो, वांगी, मिरचीचे बी अर्ध्या ते एक सें.मी.पेक्षा खोल जाऊ देऊ नये.

ऊब, उजेड आणि पाणी

बी उगवेपर्यंत ऊब हवी, उजेड नसला तरी चालतो. उगवल्यानंतर मात्र त्याच दिवशी रोपे उजेडात आणली पाहिजेत. एक-दोन दिवस जरी अंधाऱ्या खोलीत राहिली तरी दांडा दोऱ्यासारखा लांब व फिकट होतो आणि असे रोप पुढे सुधारत नाही. खिडकीतील उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिण किंवा पूर्वेकडील पडवी, अंगण ही जागा उत्तम. दिवसा रोपे उघड्या उन्हात आणि रात्री आत, असे करावयाचे असेल तर पिशव्या फळांच्या क्रेटमध्ये किंवा पाट्यांत रचाव्यात, म्हणजे दोघांनी उचलून आत-बाहेर करता येतात. ते शक्य नसेल तर बांबूच्या कामट्यांच्या कमानीवर संध्याकाळी प्लास्टिकचा कागद व वरून गोणपाट टाकावे आणि सकाळी ऊन आले की काढून टाकावे. कागद काढण्याचे राहून गेले तर दुपारपर्यंत आत भट्टी होते.

रोपे कोलमडण्याचा रोग पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतील बुरशींमुळे होतो. जमिनीलगत दांडा पाणचट व बारीक होतो आणि रोप आडवे पडते. संध्याकाळी टवटवीत असलेले तबक सकाळी अर्धे आडवे झालेले असते, त्यामुळे हा रोग अचानक आला असे वाटते. प्रत्यक्षात दाट पेरणी, कोंदट हवा आणि मुख्यतः जास्त पाणी यांनी त्याची तयारी आठवडाभर आधी केलेली असते. आमच्या प्रशिक्षण वर्गांत ‘कोणते औषध मारू?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, ‘पाणी किती वेळा देता?’ आणि उत्तर बहुधा ‘सकाळ-संध्याकाळ’ असे मिळते. थंडीत सकाळ-संध्याकाळ पाण्याची गरज नसते. पिशवी हातात उचलून पाहावी. जड लागली तर पाणी देऊ नये. हलकी लागली आणि वरची माती बोटाच्या पेराएवढी कोरडी असली तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास द्यावे, म्हणजे रात्रीपूर्वी पाने व पृष्ठभाग कोरडा होतो. बाटलीच्या झाकणाला बारीक भोके पाडली की चांगली झारी तयार होते. डबे-वाट्यांना परातीत दोन बोटे पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवले तर पाणी खालून चढते आणि वरची माती धुपत नाही. रोग दिसताच पडलेली रोपे भोवतालच्या मातीसह काढून टाकावीत, पाणी तोडावे आणि भांडी विरळ मांडावीत.

उगवल्यावर पहिल्या दोन जाडसर पानांवर तांबडे भुंगेरे तुटून पडतात. शेतात रोज सकाळी ते वेचण्यापेक्षा पडवीतील क्रेटवर जुनी मच्छरदाणी टाकणे कितीतरी सोपे. मिरची-टोमॅटोच्या रोपांना पांढऱ्या माशीपासून वाचवायचे तर मच्छरदाणीची वीण पुरेशी बारीक नसते, तेथे ४० मेशची नायलॉन जाळी लागते. उंदरांचा उपद्रव असेल तर बी उगवेपर्यंत क्रेटवर वजन ठेवलेली पाटी पालथी घालावी. उंदीर एका रात्रीत शंभर पिशव्या उकरतो आणि नेमके बी शोधून खातो.

पाने फिकट दिसू लागली तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे. मिश्रणात चांगले शेणखत असेल तर बहुधा तेवढीही गरज पडत नाही.

शेतात लावताना

वेलवर्गीय रोपे १५ ते २० दिवसांची, दोन ते चार खऱ्या पानांची असताना लावावीत. फार थंडी असेल तर २५ दिवस लागतात. टोमॅटो-वांग्याची रोपे चार-पाच आठवड्यांची आणि मिरचीची पाच-सहा आठवड्यांची होऊ द्यावीत. मोठे रोप लवकर फळ देईल या समजुतीने काकडी-कारल्याचे रोप महिनाभर पिशवीत ठेवले जाते. मुळे तळाशी गोल गोल फिरू लागतात आणि शेतात गेल्यावरही तशीच फिरत राहतात. लावणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी थोडे ताणावे आणि रात्रीचे झाकण काढून रोपे काटक करावीत.

लागवड संध्याकाळी करावी. तासभर आधी पिशव्यांना पाणी द्यावे, म्हणजे गोळा फुटत नाही. पिशवीची एक बाजू ब्लेडने उभी चिरून पिशवी सोलून काढावी, रोप दांड्याला धरून ओढू नये. वेलवर्गीय रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच शेतात ठेवावे. टोमॅटो मात्र थोडा खोल लावला तर दांड्यावर नवीन मुळे फुटतात. लगेच हलके पाणी द्यावे.

नांग्यांसाठी हीच पिशवी

कपाशी उत्पादकांसाठी या पद्धतीचा वेगळा उपयोग आहे. एका एकरात ३ बाय २ फुटांवर सुमारे ७,२६० झाडे बसतात. शेकडा दोन नांग्या पडल्या तरी १४५ झाडे कमी होतात. पंधरा दिवसांनी तेथे पुन्हा बी टोकले तर ते शेजारच्या झाडांच्या सावलीत मागे पडते आणि त्याला बोंडे नावापुरतीच लागतात. यासाठी ज्या दिवशी शेतात टोकण होईल त्याच दिवशी एकरी दीडशे पिशव्यांत एक-एक बी लावून ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस पडून गेल्यावर, नांग्यांच्या जागी ही रोपे लावावीत. वय सारखे असल्याने ती शेजाऱ्यांच्या बरोबरीने वाढतात.

पावसाळी कारली-दोडक्यासाठीही मेअखेर पिशव्या भरून ठेवणे सोयीचे पडते. पाऊस लांबला तर रोपे पडवीत आठवडाभर थांबू शकतात, शेतात टोकलेले बी थांबू शकत नाही. कोकणात तर पहिल्याच मुसळधार पावसात बी वाहून जाते किंवा कुजते, तेथे पिशवीतील रोप हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. बिगरसंकरित वाणांत कारल्यासाठी फुले ग्रीन गोल्ड किंवा कोकण तारा, काकडीसाठी हिमांगी किंवा शीतल, दोडक्यासाठी पुसा नसदार किंवा कोकण हरिता या वाणांचा विचार करावा. यांचे बी पुढील वर्षासाठी घरीच राखता येते. मात्र ही पिके परपरागीभवनाची असल्याने जवळपास त्याच भाजीचा दुसरा वाण असेल तर बी शुद्ध राहत नाही.

सोलून काढलेल्या पिशव्या बांधावर टाकू नयेत, जाळू नयेत आणि आळ्यात पुरू नयेत. लावणी करणाऱ्याच्या कमरेला एक रिकामे पोते बांधले तर त्या जागच्या जागी जमा होतात. धुवून वाळवलेले हे प्लास्टिक भंगारवाला वजनावर घेतो. अर्ध्या कापलेल्या बाटल्या, तबके व वाट्या धुवून उन्हात वाळवाव्यात आणि पुढील हंगामासाठी सावलीत ठेवाव्यात. उन्हात पडलेले प्लास्टिक वर्षभरात कडक होऊन तडकते.